पाइप किती इंची, सायलेन्सर कुठला? जुन्या स्पोर्ट्स कारच्या एक्झॉस्टविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे १९६६ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. मागचा सायलेन्सर गंजून गळून पडला. मिस्त्री म्हणतात, ‘अडीच इंची सरळ पाइप टाका, मधला सायलेन्सरही काढा, गाडी मोकळी होईल आणि आवाजही स्पोर्ट्स कारचा येईल.’ करावं का?
— वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : करू नका. तुमच्या गाडीचं इंजिन १७९८ सीसीचं, ९५ अश्वशक्तीचं. त्याचा मूळ पाइप साधारण पावणेदोन इंची असतो. अडीच इंची पाइपाचं आतलं क्षेत्रफळ त्याच्या दुपटीहून जास्त भरतं, म्हणजे तेवढाच वायू निम्म्या वेगाने जाणार. एवढ्या इंजिनाला एवढ्या जाड नळीची गरज नाही. पदरात काय पडेल? मोठा आवाज, जादा वजन, आणि आधीच जमिनीला टेकायला आलेल्या गाडीखाली आणखी पाऊण इंच अंतर कमी.

इथे दोन समज एकमेकांशी भांडत असतात. एक म्हणतो, पाइप जितका मोठा तितकी ताकद जास्त. दुसरा म्हणतो, इंजिनाला थोडी ‘बॅक प्रेशर’ लागतेच. दोन्ही चूक. अडथळा कुठल्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवा असतो वायूचा वेग, आणि प्रत्येक सिलिंडरचा धक्का बाहेर पडताना पुढच्या धक्क्याच्या आड न येणं.

एमजीबीच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या माथ्याला, एक्झॉस्टची तोंडं चार नाहीत, तीन आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र तोंड, मधल्या दोन आणि तीनला मिळून एक. फायरिंगचा क्रम १-३-४-२. म्हणजे दोन आणि तीन एकापाठोपाठ कधीच पेटत नाहीत. त्यांच्यात क्रँकचा पूर्ण एक फेरा असतो. एक आणि चारमध्येही तेवढंच अंतर. कालव्याच्या पाण्याची पाळी लागते तसा हा प्रकार आहे : मधल्या तोंडाचा एक पाट, कडेच्या दोन तोंडांचा मिळून दुसरा, आणि दोघांची पाळी आलटूनपालटून. हे पाट लगेच एकत्र न करता खाली लांब नेऊन जोडले, तर एकाचा झोत दुसऱ्याला ओढून घेतो. खालच्या आणि मधल्या आरपीएमला जी ओढ जाणवते ती यातून येते, शेपटाच्या जाडीतून नाही.

म्हणूनच तुमचा मूळ ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड (हेडच्या तोंडांतला वायू गोळा करणारा भाग), दोन तोंडांचा आणि तडा न गेलेला असेल, तर अजिबात फेकू नका. ही रचना त्यात मुळातच आहे आणि तो फार चांगला वाहतो. नळ्यांचा बाजारी मॅनिफोल्ड बसवून रस्त्यावरच्या इंजिनात पडणारा फरक थोडा, डोकेदुखी मात्र मोठी. डाउनपाइपचा (मॅनिफोल्डपासून खाली येणाऱ्या पाइपाचा) जोड जिथे होतो तिथून मागे पावणेदोन किंवा फार तर दोन इंची पाइप घ्या. मधे सरळ जाळीचा सायलेन्सर, मागे मूळ धाटणीचा कप्प्यांचा. या जोडीने आवाज खर्जातला, भरदार येतो आणि घरासमोरून पहाटे गाडी काढताना शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

डाउनपाइप मॅनिफोल्डला सहा स्टडवर पितळी नटांनी बसतो. ते अर्धा इंची पान्याने सोडायचे. गॅरेजमध्ये हाताशी १३चा पाना असतो, तो ०.३ मिमी सैल बसतो आणि पितळ गोल करून टाकतो. आदल्या रात्री गंजतेल मारून ठेवा. परत बसवताना नट नवेच घ्या, पितळीच घ्या. लोखंडी नट घातले तर पुढच्या वेळी स्टडच तुटून हातात येईल.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत डेअरीची कामं करणारे स्टेनलेसचे फॅब्रिकेटर आहेत. त्यांच्याकडून पूर्ण एक्झॉस्ट करून घेता येईल का? कोणता माल सांगायचा?
— वाचक, माधवनगर, सांगली

उत्तर : नक्की येईल, आणि आपल्या भागात ही मोठी सोय आहे. दुधाच्या लाइनचं टिग वेल्डिंग करणारा कारागीर सायलेन्सरवाल्यापेक्षा जोड स्वच्छ काढतो. फक्त त्याला गाडीच्या गोष्टी आपण सांगाव्या लागतात. गळीत हंगामाच्या आधी कारखान्यांच्या दुरुस्तीची गर्दी असते, तेवढे दिवस टाळा.

माल ३०४ प्रतीचं स्टेनलेस सांगा, जाडी दीड ते १.६ मिमी. डेअरीच्या मापात दीड इंचानंतर थेट दोन इंच येतो, पावणेदोन मिळत नाही. तेव्हा स्टेनलेसमध्ये करायचं तर मागची लाइन दोन इंची धरा. पावणेदोनच हवा असेल तर १६ गेजचा ईआरडब्ल्यू (शिवणीवर वेल्ड केलेला) माइल्ड स्टील पाइप घ्या. पाण्याचा जीआय पाइप कुणी सुचवला तर हात जोडून नाही म्हणा. त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने जळतं, धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पाइप वाकवण्यापेक्षा डेअरीचे तयार ९० अंशांचे बेंड विकत घ्या आणि हवा तेवढा कोन कापून वापरा. वाळू भरून, तापवून वाकवलेला पाइप आतल्या बाजूला चेपतो आणि नेमका वळणावर अरुंद होतो.

काम असं करा. जुनी लाइन शक्यतो अखंड उतरवा, फुटकी असली तरी नमुना म्हणून ठेवा. नसेल तर ६ मिमीच्या सळईने गाडीखाली वाट आखा. गाडी चाकांवर उभी असताना माप घ्या, जॅकवर लटकलेली असताना नाही, कारण मागचा एक्सल लोंबला की सगळी अंतरं खोटी येतात. मग एक्सल वर आदळेल त्या स्थितीचाही हिशोब करा. तिथे ४० मिमी मोकळं हवं. बॉडीपासून किमान १५ मिमी, ब्रेकच्या नळीपासून २५. पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिमी तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलं आहे; जागा असेल तिथे ७५ ठेवा आणि मधे पत्रा घाला.

गाडीवर फक्त टाके मारायचे, प्रत्येक जोडाला चार. टाके मारण्याआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा, अल्टरनेटर असेल तर त्याचाही जोड काढा. अर्थचा चिमटा टाक्याच्या वीतभर अंतरात, पाइपावरच लावा. एमजीबीच्या बॅटऱ्या सीटच्या मागे खाली असतात. तिथे ठिणगी उडू देऊ नका. पेट्रोलच्या टाकीजवळचा टाका असेल तर टाकी उतरवल्याशिवाय मशिन सुरूच करायचं नाही. पूर्ण वेल्डिंग लाइन खाली काढून, बाकावर.

३०४ला ३०८एल तार. माइल्ड स्टीलची पट्टी किंवा फ्लँज (बोल्टांनी आवळायची चपटी कड) जोडायची असेल तर ३०९एल. पाइपाच्या आत आर्गन सोडायला सांगा, मिनिटाला चार-पाच लिटर पुरतो. दोन्ही टोकं टेपने बंद करून एक बारीक भोक ठेवायचं. आत आर्गन नसेल तर जोडाच्या मागे काळी, दाणेदार पपडी धरते. ती वायूलाही आडवी येते आणि वर्षभरात तिथूनच तडा सुरू होतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती हँगरमध्ये. तीन मीटरची स्टेनलेस लाइन ३०० अंशांनी तापली की जवळजवळ १५ मिमी लांब होते. माइल्ड स्टील सुमारे ११. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर ही वाढ कुठे जाणार? फ्लँजचा जोड तोडते. पुढचं टोक इंजिनबरोबर हलू द्या, मधला आणि मागचा आधार रबराचा ठेवा, आणि थंड असताना रबर किंचित पुढे झुकलेलं बसवा म्हणजे तापल्यावर ते सरळ होईल. जोड एकात एक सरकणारे, ४० ते ५० मिमी आत जाणारे. पुढचा पाइप मागच्याच्या आत शिरला पाहिजे. यू-क्लँपचे बोल्ट खाली लोंबू देऊ नका, वर किंवा आडवे फिरवा. गावाबाहेरच्या प्रत्येक गतिरोधकावर पहिल्यांदा तेच घासतात.

प्रश्न : एमजीबीला नळ्यांचा मॅनिफोल्ड बसवला. तेव्हापासून यवतेश्वरचा घाट उतरताना पाय काढला की मागे फटाके वाजतात. मेकॅनिकने दोनदा पेट्रोल वाढवलं. आता प्लग काळे पडतात आणि फटाके तसेच आहेत.
— वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : पेट्रोल वाढवून हे जाणार नाही, कारण तुमची गाडी बहुतेक हवा खाते आहे. पाय काढल्यावर सिलिंडरमधून थोडं न जळलेलं मिश्रण बाहेर येतं. मॅनिफोल्डच्या जोडात फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हे मिश्रण तापलेल्या पाइपात पेटतं.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला आहेत आणि दोघांना तेच स्टड धरून ठेवतात. त्यावर जाड, मोठे वायसर असतात. वायसरचा अर्धा भाग इनटेकच्या फ्लँजवर टेकतो, अर्धा एक्झॉस्टच्या. मूळ दोन्ही फ्लँज सारख्या जाडीच्या. बाजारी मॅनिफोल्डची फ्लँज बहुतेक वेळा वेगळी निघते. समजा इनटेकची ११ मिमी आहे आणि नव्या एक्झॉस्टची साडेनऊ, तर नट कितीही आवळा, वायसर इनटेकवर टेकून तिरका बसतो आणि एक्झॉस्टला दाबतच नाही. वरून सगळं घट्ट दिसतं, आत पॅकिंग सैल.

खात्री अशी करा. इंजिन थंड असताना सुरू करा. एकाने ओल्या फडक्याची जाड घडी टेलपाइपवर तीन-चार सेकंद दाबून धरायची, दुसऱ्याने बॉनेटखाली कान द्यायचा. फट असेल तर चक्-चक् असा आवाज स्पष्ट येतो. मॅनिफोल्ड उतरवल्यावर पॅकिंगवर काजळीची बोटं बाहेरपर्यंत पसरलेली दिसतील, तीच गळतीची जागा.

मग व्हर्नियरने दोन्ही फ्लँजची जाडी स्टडच्या कडेला मोजा. फरक ०.२ मिमीपेक्षा जास्त असेल तर लेथवाल्याकडून वायसरच्या एका अर्ध्या भागात तेवढीच पायरी काढून घ्या. फ्लँज घासण्यापेक्षा हे सोपं. मॅनिफोल्डचा चेहरा सरळ पट्टीवर ठेवून पाहा. वेल्डिंगने वाकलेला असेल तर सरफेस ग्राइंडिंग करूनच बसवा. पॅकिंग नवं, कोरडं. नट मधून सुरू करून बाहेर, दोन फेऱ्यांत, शेवटी २ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास. गाडी ५० किलोमीटर चालली की थंड करून पुन्हा एकदा पाना लावा. पुष्कळ जोड फक्त हा दुसरा पाना न लावल्याने फुटतात.

फट बंद झाल्यावरच कार्बुरेटरला हात लावा. आधी टॅपेट, मग टायमिंग, शेवटी मिश्रण. तुमच्या एसयू कार्बुरेटरच्या जेटखालचा नट सहा कडांचा असतो. एका वेळी एकच कड फिरवायची, दोन्ही कार्बुरेटरला सारखी. नट वर म्हणजे पेट्रोल कमी, खाली म्हणजे जास्त. इंजिन गरम असताना पिस्टन उचलायच्या पिनने तो जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला. आरपीएम क्षणभर किंचित वाढून परत आला तर मिश्रण बरोबर. वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं तर कमी. पिस्टन दोन-तीन मिलिमीटर उचलला तर प्रत्येक इंजिन बसतं आणि मग पेट्रोल कमी नसतानाही कमी वाटतं. तुमच्याकडे तसं झालं नाही ना, पाहा. दोनदा वाढवलेलं पेट्रोल आधी परत उतरवा. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि रिंगांची झीज फटाक्यांपेक्षा कितीतरी महाग पडते.

प्रश्न : नवीन एक्झॉस्टचा आवाज गावात छान वाटतो, पण हायवेला ८५-९०च्या वेगाला कानात घुमतो. वर-खाली गेलं की थांबतो. गाडी एमजीबी, ओव्हरड्राइव्ह (हायवेला आरपीएम उतरवणारा जादा गिअर) नाही.
— वाचक, कराड

उत्तर : तुमच्या गाडीत चौथ्या गिअरला १००० आरपीएमला साधारण २९ किलोमीटरचा वेग येतो. ८७ला झाले ३०००. चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला होणारे स्फोट म्हणजे आरपीएम भागिले ३०, इथे १००. पाइप आणि केबिन दोन्ही या १००च्या सुराला लागतात आणि घुमतात. मिरजेतल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचं जे काम, तेच इथे नको त्या ठिकाणी होतं आहे.

आधी साधं बघा. पाइप कुठे बॉडीला टेकतो का, हँगरचं रबर दगड झालंय का, इंजिनाचे माउंटिंग बसलेत का. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

त्यातून राहिलं तर बाजूला एक बंद नळी जोडायची. तिचं टोक पूर्ण बंद असतं. आवाजाची लाट आत जाते, बंद टोकावर आपटून उलटी येते आणि नेमक्या त्या सुराला मारते. लांबी म्हणजे आवाजाचा वेग भागिले चार पट सूर. बंद नळीतला वायू मुख्य पाइपापेक्षा थंड, समजा १५० अंश. तिथे आवाज सेकंदाला सुमारे ४१० मीटर जातो. ४१० भागिले ४०० म्हणजे एक मीटरच्या थोडं वर. नळी मुख्य पाइपाच्याच जाडीची घ्या, १.१० मीटर ठेवा, टोकाला आधी सरकतं झाकण क्लँपने लावा. गाडी त्याच वेगाने चालवून बघा आणि २०-२० मिमी कापत या. घुमणं बसलं की झाकण वेल्ड करा. नळी मधल्या आणि मागच्या सायलेन्सरच्या दरम्यान जोडून, मुख्य पाइपाला समांतर वळवून घ्या. तिलाही स्वतंत्र हँगर हवा, नाहीतर जोडाशीच तुटते.

एवढी जागा नसेल तर मधला सायलेन्सर लांब करा. पूर्वीचा ३०० मिमीचा असेल तर ४५०चा. जाळीचा पाइप घेताना भोकं ३ ते ३.५ मिमीची, दाट. भरण बेसाल्ट किंवा लांब धाग्याच्या काचेच्या लोकरीचं, जाळीला लागून स्टेनलेसच्या लोकरीचा एक थर. घराच्या छतातली साधी ग्लासवूल भरली तर वर्षभरात धूळ होऊन मागून उडून जाते.

प्रश्न : ट्रायम्फ स्पिटफायरचा मागचा सायलेन्सर दर तीन वर्षांनी आतून सडतो. गाडी फक्त रविवारी वाईतल्या वाईत फिरते.
— वाचक, वाई

उत्तर : कारण तुम्ही लिहिलंच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पाच किलोमीटरच्या फेरीत मागचा सायलेन्सर ते उडवण्याइतका तापत नाही. पाणी आत साचतं, आम्लधर्मी असतं, आणि आठवडाभर पत्रा खातं. दर पंधरा दिवसांनी पसरणीचा घाट चढून पाचगणीपर्यंत जाऊन या. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचं एक भोक पाडा. पुढच्या वेळी सायलेन्सर अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा किंवा स्टेनलेसचा घ्या.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये सिग्नलला गाडी बंद पडते, पेट्रोल उकळतं. एक्झॉस्टला फायबरची पट्टी गुंडाळली तर चालेल?
— वाचक, मिरज

उत्तर : ओतीव मॅनिफोल्डखालच्या डाउनपाइपला चालेल. माइल्ड स्टीलच्या पातळ नळ्यांना नको : पट्टीखाली धातू जास्त तापतो, पावसाळ्यात पट्टी ओल धरते आणि दोन वर्षांत नळी पापडासारखी सोलते. नळ्यांना सिरॅमिक कोटिंग बरं. त्याआधी कार्बुरेटर आणि मॅनिफोल्डमधला उष्णतेचा पत्रा जागेवर आहे का बघा; मॅनिफोल्ड बदलताना तो पुष्कळदा कोपऱ्यात पडून राहतो. जुन्या पत्र्यावरचं अस्तर अॅस्बेस्टॉसचं असू शकतं. ते घासू नका, ब्रशने झाडू नका. ओलं करून अखंड उतरवा, पिशवीत बंद करा.

प्रश्न : एक्झॉस्ट बदलला तर आरटीओची अडचण येते का? गाडी १९६८ची, एमएच-११ची नोंद.
— वाचक, सदरबझार, सातारा

उत्तर : सायलेन्सर असलाच पाहिजे, ही केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२०व्या नियमाची अट आहे, गाडी कितीही जुनी असली तरी. आवाज-धुराचं उल्लंघन मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली येतं : पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. पीयूसीत तुमच्या वयाच्या गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमच्या आत लागतो. वर सांगितल्याप्रमाणे जोड हवाबंद आणि मिश्रण बरोबर असेल तर त्यात बसायला हरकत नाही. जोड गळका असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा चांगला दिसतो, म्हणून आधी गळती काढा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात व्हीए अक्षरं. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही, आणि नोंद झाल्यावर ती रोजच्या वापराला काढता येत नाही. तो विचार असेल तर एक्झॉस्टसाठी चासीला भोक पाडू नका, काही कापू नका. नवी लाइन मूळ जागच्या बोल्टांवरच बसवा, आणि उतरवलेला मॅनिफोल्ड, डाउनपाइप, ब्रॅकेट ऑइल लावून, चिठ्ठ्या बांधून ठेवा. असा मॅनिफोल्ड पुन्हा शोधायला निघालात तर वर्षं जातात.

प्रश्न : हूड लावून चालवलं की धुराचा वास येतो, डोकं धरतं. उघड्या गाडीत येत नाही.
— वाचक, कोरेगाव

उत्तर : हे दुसऱ्या सगळ्या कामांच्या आधी करा. हूड लावलेल्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर मागून आत ओढला जातो. वास येतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइडही येतच असतो, आणि त्याला स्वतःला वास नसतो. टेलपाइप मागच्या बंपरच्या बाहेर ४०-५० मिमी निघाला पाहिजे. नवा सायलेन्सर बसवताना तो बहुतेक आखूड कापला गेलाय. मग डिकीचं रबर तपासा : कागदाची पट्टी ठेवून डिकी बंद करा, पट्टी सहज निघाली तर तिथून आत येतंय. सीटमागच्या आणि गिअरच्या बोगद्यातल्या वायरींच्या भोकांची रबरं बघा. ओल्या फडक्याची चाचणी करून प्रत्येक जोडाला कान लावा. हे होईपर्यंत हूड उघडं ठेवूनच गाडी चालवा.